घरच्या संगणकासाठी मोफत सॉफ्टवेअरचा संच: काय घ्यावे, कुठून घ्यावे आणि मराठीसाठी कसे बसवावे

नवा संगणक घेतला किंवा जुन्याला फॉरमॅट मारून आणला, की दुकानदार बहुधा एकच वाक्य बोलतो: 'सगळं टाकून दिलंय.' त्या 'सगळं'मध्ये काय काय आहे ते घरी आल्यावर हळूहळू उलगडते. माझ्या एका निवृत्त शिक्षक नातेवाइकांच्या लॅपटॉपवर असेच 'सगळं' होते. चोरीच्या किल्लीने चालू केलेल्या ऑफिसच्या माथ्यावर तीन महिन्यांतच लाल पट्टी झळकू लागली होती, दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच संशय घेत बसले होते आणि ब्राउझर उघडला की शोधपेटीऐवजी कुठल्याशा खेळाची जाहिरात पुढे येत होती. एका दुपारी आम्ही ते सगळे पुसून काढले आणि एक पैसाही खर्च न करता नवा संच बसवला. त्या दुपारी जे केले आणि पुढच्या काही महिन्यांत ज्या अडचणी निघाल्या, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी फाइली पाहाव्यात, मग प्रोग्रॅम

पहिले काम यादी करण्याचे आहे आणि ती यादी सॉफ्टवेअरची नसून फाइलींची असावी. घरातला संगणक पाच-सात वर्षांनी बदलतो, प्रोग्रॅम त्याहून लवकर बदलतात. मात्र सोसायटीचा हिशेब, मुलांची प्रमाणपत्रे, लग्नाचे फोटो आणि आजोबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी यांना वीस वर्षांनीही उघडता आले पाहिजे. म्हणून कोणत्याही सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हाच विचारावा, की त्यात साठवलेली फाइल ते सॉफ्टवेअर नसले तरी दुसरीकडे उघडेल का.

याच कसोटीवर 'मोफत' आणि 'मुक्त' यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. मोफत सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत इतकेच. ते उद्या विकत होऊ शकते, त्यात जाहिराती येऊ शकतात, किंवा 'केवळ वैयक्तिक वापरासाठी' अशी अट असल्यामुळे घरगुती शिकवणीच्या पावत्या त्यात करणे नियमबाह्य ठरू शकते. मुक्त सॉफ्टवेअरचा आराखडा सर्वांना खुला असतो, वापरावर अट नसते आणि मूळ चमूने काम सोडले तरी दुसरा चमू ते पुढे चालवू शकतो. ओपनऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या बाबतीत २०१० मध्ये बरेचसे असेच घडले: चमूतले अनेक जण वेगळे झाले आणि त्यातून लिबरऑफिस निघाले. माझा नियम साधा आहे: मुक्त मिळत असेल तर मुक्त घ्यावे आणि जेथे त्याने भागत नाही तेथेच केवळ मोफतकडे वळावे.

यादी झाली की सर्व फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात. कॉपी झाल्याचा संदेश आला एवढ्यावर न थांबता दुसऱ्या संगणकावर पाच-दहा फाइली उघडूनही पाहाव्यात. डेस्कटॉपवर आणि 'डाउनलोड्स'मध्ये पडलेल्या फाइली हमखास राहून जातात. त्यानंतर, लॅपटॉपसोबत आलेली विंडोज अधिकृत असेल, तर सेटिंग्जमधील 'रिसेट धिस पीसी' वापरून सर्व काही पुसून नव्याने सुरुवात करावी. अशा लॅपटॉपची परवाना-किल्ली सहसा मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे ती पुन्हा टाइप करावी लागत नाही. तरी पुसण्याआधी 'अ‍ॅक्टिव्हेशन'च्या पानावर 'डिजिटल लायसन्स' असे लिहिले आहे का, हे बघून घ्यावे. चोरीचे ऑफिस चालू करण्यासाठी वापरलेली 'अ‍ॅक्टिव्हेटर' नावाची हत्यारे अँटिव्हायरस बंद करूनच चालवावी लागतात. त्यांनी मागे काय ठेवले आहे हे कळायला मार्ग नसतो. म्हणून अशा संगणकावर निवडून-निवडून साफसफाई करण्यापेक्षा सगळेच पुसलेले बरे.

संचात काय असावे

ब्राउझरसाठी फायरफॉक्स घ्यावा. त्याचा चेहरा पूर्ण मराठीत करता येतो आणि जाहिराती रोखणारे 'यूब्लॉक ओरिजिन' त्यात अजून पूर्ण ताकदीने चालते. घरातल्या ज्येष्ठांसाठी मला हे अँटिव्हायरसइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' असे ओरडणाऱ्या खिडक्या बहुतेक जाहिरातींच्या वाटेनेच येतात. अँटिव्हायरस वेगळा घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये असलेला डिफेंडर चालू आणि अद्ययावत असला की घरासाठी पुरतो. 'संगणक वेगवान करतो' म्हणणाऱ्या सफाई-प्रोग्रॅमना तर दारातूनच परत पाठवावे.

पत्रे, हिशेब आणि सादरीकरणांसाठी लिबरऑफिस घ्यावे. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. शोधताना 'ओपनऑफिस' हे नावही समोर येईल, पण त्याची ४.१ ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून तिच्यात किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसे काही झालेले नाही. नव्याने बसवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. चित्रपट, गाणी आणि जुन्या डीव्हीडींसाठी व्हीएलसी, झिप आणि रार फाइली उघडण्यासाठी सेव्हन-झिप आणि आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी घ्यावे; या तिघांबद्दल अधिक सांगावे असे काही नाही, ती मुकाट्याने काम करतात. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिण्याची सवय मोडायची असेल तर पासवर्ड सांभाळून ठेवणारे कीपासएक्ससी आहे, मात्र त्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर तो कोणीही काढून देऊ शकत नाही. लहान मुले असतील तर २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी बनवलेला जीकॉम्प्री हा खेळांचा संच अवश्य टाकावा.

पीडीएफसाठी सुमात्रा पीडीएफ हा अगदी हलका वाचक आहे आणि जुन्या संगणकावरही क्षणात उघडतो. मात्र येथे एक अडचण आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार यांच्यावर 'स्वाक्षरी पडताळलेली नाही' अशा अर्थाचे प्रश्नचिन्ह दिसते, ते पडताळण्याची सोय सुमात्रात नाही. त्या एका कामासाठी अ‍ॅडोबी रीडर लागतो. तो उघडून स्वाक्षरीवर उजवे बटण दाबले, प्रमाणपत्राचे तपशील उघडले आणि ते विश्वासाच्या यादीत घातले, की प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. अ‍ॅडोबी रीडर मोफत आहे, मुक्त नाही. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद करावाच लागतो. तो डाउनलोड करताना सोबत देऊ केलेल्या ऐच्छिक गोष्टींपुढच्या खुणा काढून टाकाव्यात.

कुठून घ्यावे

मोफत सॉफ्टवेअरमध्ये धोका असतो तो सहसा सॉफ्टवेअरमध्ये नसून ते देणाऱ्या पानावर असतो. शोधयंत्रात नाव टाइप केले की सर्वांत वर दिसणारे दुवे पुष्कळदा जाहिराती असतात, आणि तेथून व्हीएलसी किंवा सेव्हन-झिपच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात पडल्याची उदाहरणे जगभर आहेत. प्रतिष्ठित ठिकाणेही याला अपवाद नाहीत: २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या जुन्या संकेतस्थळाने गिम्प या चित्रे सुधारण्याच्या प्रोग्रॅमच्या विंडोज आवृत्तीभोवती जाहिरातींचे वेष्टण लावले होते आणि गिम्पच्या चमूला त्याविरुद्ध जाहीर निषेध करावा लागला होता. भारतात तर २०२२ मध्ये व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळच कित्येक महिने बंद करून ठेवलेले होते. नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. अशा वेळी माणूस मिळेल तेथून फाइल घेतो, आणि नेमके तेच टाळायचे असते.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे निनाइट ही सेवा. तिच्या पानावर सॉफ्टवेअरची नावे आणि त्यांपुढे चौकटी असतात. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, सुमात्रा पीडीएफ, गिम्प आणि ऑडॅसिटी यांच्या चौकटींत खूण करून खालचे बटण दाबले, की एकच छोटी फाइल मिळते. ती चालवली की प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत ठिकाणाहून उतरते, सोबतच्या टूलबारना परस्पर नकार दिला जातो आणि तुम्हाला 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसावे लागत नाही. घरगुती वापरासाठी ही सेवा मोफत आहे. एकट्या लिबरऑफिसचे डाउनलोड साधारण साडेतीनशे एमबीचे असल्याने फोनच्या हॉटस्पॉटवर हे काम काढण्याआधी दिवसाचा डेटा किती उरला आहे ते पाहावे.

निनाइटच्या यादीत नसलेले किंवा निनाइटविना सॉफ्टवेअर घेताना पत्ता स्वतः टाइप करावा आणि तो अक्षरशः वाचावा. सेव्हन-झिपचे घर 'सातचा इंग्रजी आकडा, आडवी रेघ, झिप, डॉट ऑर्ग' येथे आहे. रेघ नसलेला 'डॉट कॉम'वाला पत्ता त्यांचा नाही. उतरलेल्या फाइलीवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहिले, तर लिबरऑफिसच्या फाइलीवर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' आणि व्हीएलसीच्या फाइलीवर 'व्हिडिओलॅन' असे नाव दिसायला हवे. सेव्हन-झिपच्या फाइलीवर मात्र अशी स्वाक्षरी नसते, त्यामुळे विंडोज 'अज्ञात प्रकाशक' म्हणून पिवळी पट्टी दाखवते. पत्ता बरोबर असल्याची खात्री असेल तर तेवढ्यावरून घाबरू नये.

मराठीची मांडणी

बहुतेक इंग्रजी मार्गदर्शक येथेच संपतात आणि मराठी माणसाची खरी अडचण येथून सुरू होते. लिबरऑफिस उघडण्याआधी विंडोजमध्ये मराठी जोडून घ्यावी. सेटिंग्ज, त्यात 'टाइम अँड लँग्वेज', त्यात भाषेचे पान, आणि तेथे 'मराठी' निवडावी. यामुळे दोन कामे एकदम होतात. एक म्हणजे कीबोर्ड मिळतो: सरकारी टायपिंगची सवय असलेल्यांना इनस्क्रिप्ट आणि 'namaskar' छापाच्या इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्यांना 'मराठी फोनेटिक', विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा पालटते. दुसरे म्हणजे मंगल, कोकिळा, अपराजिता हे देवनागरी फाँट आपोआप येतात. ते नव्या विंडोजमध्ये मुळातून नसतात, आणि मंगलमध्ये केलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर वेडावाकडा दिसण्याचे ते एक कारण आहे. छपाईसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फाँटही मोफत मिळतो आणि छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतो.

आता लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि त्यातील भाषेच्या विभागात जावे. लिबरऑफिस लिप्यांचे गट करते: इंग्रजीसारख्या लिप्या 'वेस्टर्न' गटात आणि देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' अर्थात सीटीएल गटात. या दुसऱ्या गटापुढची चौकट चालू करून भाषा 'मराठी' निवडावी. मग 'रायटर' या लेखनाच्या प्रोग्रॅमच्या विभागात देवनागरीच्या मूळ फाँटसाठी वेगळे पान दिसू लागते आणि तेथे आवडीचा फाँट व आकार ठरवून ठेवता येतो. एकाच परिच्छेदाला दोन फाँट आणि दोन आकार असतात, हे एकदा लक्षात आले की निम्म्या तक्रारी मिटतात. माझ्या नातेवाइकांनी शीर्षकाची शैली बदलून आकार १२ वरून १६ केला, तेव्हा त्यातला इंग्रजी पत्ता मोठा झाला आणि मराठी नाव होते तेवढेच राहिले. कारण शैलीच्या खिडकीत त्यांनी फक्त वेस्टर्न भागातला आकडा बदलला होता.

दुसरी आवश्यक मांडणी साठवण्याच्या स्वरूपाची आहे. लिबरऑफिसचे स्वतःचे स्वरूप ओडीएफ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणित स्वरूप आहे आणि स्वतःजवळ ठेवायच्या कागदांसाठी तेच उत्तम. पण शाळेला, वकिलाला किंवा बँकेला फाइल पाठवायची असते तेव्हा समोरची व्यक्ती वर्डमध्येच उघडणार, हे गृहीत धरावे. रोजचा व्यवहार तसाच असेल तर 'लोड अँड सेव्ह'च्या पानावर कायम वर्डच्या स्वरूपात साठवण्याची सूचना देता येते. ज्यात समोरच्याने बदल करायचा नाही तो कागद मात्र पीडीएफ करूनच पाठवावा. वरच्या पट्टीत त्यासाठी थेट बटण आहे. वर्डची गुंतागुंतीची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की तक्ते किंवा ओळी थोड्या सरकू शकतात, आणि याचे कारण बरेचदा फाँट असतो. कॅलिब्री आणि कँब्रिया हे लिबरऑफिससोबत येत नाहीत. त्यांच्याच रुंदीचे कार्लिटो आणि कॅलाडिया त्यांच्या जागी वापरले जातात. देवनागरीला असा जुळा फाँट नाही, म्हणून दोन्हीकडे एकच मराठी फाँट असल्याची खात्री करणे हाच उपाय.

आता जुन्या फाइलींचे दुखणे. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षर-पद्धत रुळण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा फाँटांत टाइप केलेला मजकूर नव्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या खणांमध्ये देवनागरीचे आकार बसवलेले होते आणि फाँट नसल्यावर खणांची मूळ अक्षरे उघडी पडतात. तो फाँट परत बसवला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येणार नाही. म्हणून असा मजकूर फाँटनुसार योग्य रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर एकदा माणसाने वाचावा, कारण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन जागी रूपांतरक हटकून चुकतात. मूळ फाइल मात्र पुसू नये.

एक छोटी गोष्ट, जिचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा जास्त झाला: डेस्कटॉपवरच्या रायटरच्या चिन्हाचे नाव बदलून 'लेखन' आणि कॅल्कचे 'हिशेब' केले. त्या दिवसापासून 'माझं वर्ड कुठं गेलं' हा फोन बंद झाला.

अर्जासाठी फोटो

घरच्या संगणकावरचे सर्वांत घाईचे काम म्हणजे शेवटच्या दिवशी परीक्षेच्या अर्जाला फोटो जोडणे. उदाहरणादाखल, बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर स्वाक्षरी १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मर्यादा दिलेली असते. यासाठी अनोळखी संकेतस्थळावर मुलीचा फोटो आणि स्वाक्षरी चढवण्याची काही गरज नाही. गिम्पमध्ये ते पाच मिनिटांत होते. फोटो उघडून कापण्याचे साधन घ्यावे, त्याच्या पर्यायांत गुणोत्तर 'फिक्स्ड' करून २००:२३० लिहावे आणि चेहरा चौकटीत बसवून कापावे. मग 'इमेज'मधील 'स्केल इमेज'मध्ये रुंदी २०० लिहिली की उंची आपोआप २३० येते. शेवटी 'सेव्ह' नव्हे तर 'एक्सपोर्ट अ‍ॅज' निवडून जेपीजी नाव द्यावे, आणि दर्जाची पट्टी दिसते त्या खिडकीत पूर्वदर्शनाची चौकट चालू करावी. फाइल किती केबीची होणार ते तेथेच दिसू लागते. एवढ्या छोट्या चित्रात गंमत अशी होते, की फाइल मोठी होण्याऐवजी २० केबीच्या खालीच राहते आणि अर्ज तिला नाकारतो. तेव्हा पट्टी ९५ च्या पुढे सरकवावी. याच कामासाठी गिम्प संचात ठेवावा. एरवी घरात त्याची नव्वद टक्के साधने कोणी वापरणार नाही आणि त्याचे वाईटही वाटून घेऊ नये.

संगणकच जुना असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. अशा संगणकासाठी विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली स्वतःच एक तयार संच आहे: फायरफॉक्स आणि लिबरऑफिस त्यात आधीच बसवलेले असतात आणि बाकीचे त्याच्या 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून एका टिचकीत येतात. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत आणि तिला किमान २ जीबी, सुखाने चालायला ४ जीबी मेमरी लागते.

मिंटचा मोठा गुण हा, की ते इन्स्टॉल न करता पाहता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, विंडोजवर रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने त्यावर मिंटची फाइल उतरवावी आणि संगणक चालू होताना एफ१२ किंवा त्या बनावटीचे जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करावा. संगणकाच्या डिस्कवरचा मजकूर तसाच राहतो आणि मिंट डोळ्यांसमोर चालू लागते. या अवस्थेत वायफाय जोडून पाहावे, व्हिडिओचा आवाज ऐकावा आणि मुख्य म्हणजे प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. एचपीचे बरेच प्रिंटर लगेच ओळखले जातात, पण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार घाम काढतात. घरात कोणी टॅली वापरत असेल किंवा डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन लागत असेल, तर त्या संगणकावर विंडोज राहू द्यावी. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी असतो, त्यावरून मत बनवू नये.

पुढची देखभाल

महिन्यातून एकदा निनाइटची तीच फाइल पुन्हा चालवली, की जे जुने झाले असेल तेवढेच नवे होते आणि बाकीचे जागच्या जागी राहते. त्याच दिवशी हार्डडिस्क जोडून फाइलींची नवी प्रत घ्यावी आणि काम झाल्यावर ती काढून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबर प्रतही कुलूपबंद करतो. निनाइटमध्ये नसलेल्या सॉफ्टवेअरची नावे आणि ती कोणत्या पत्त्यावरून घेतली, हे एका कागदावर लिहून तो कागद हार्डडिस्कच्या डबीतच ठेवावा. माझ्या नातेवाइकांच्या डबीत तो आहे, आणि मागच्या वेळी त्यांनी फोन न करता कीपासएक्ससीची नवी आवृत्ती त्यावरचा पत्ता बघून स्वतःच घातली.